ग्वीझ: राजवाडा नंतर बघा, आधी धुणीघर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी उत्तर फ्रान्समध्ये लीलला शिकते. तिला भेटायला आई-बाबा निघालेत आणि पॅरिसचे दिवस वगळता एक दिवस मोकळा आहे. मुलीच्या प्राध्यापकांनी सुचवलं, ‘ग्वीझला जा.’ नकाशात पाहिलं तर नदीकाठचं, पाच हजारांच्या आतल्या वस्तीचं, शेगड्यांच्या कारखान्याचं गाव. तिथे बघण्यासारखं काय, दिवसभर पुरेल का, आणि गावात सोयी कशा आहेत? शिवाय बाबांचं बालपण कारखान्याच्या वसाहतीत गेलंय, म्हणून त्यांना खास उत्सुकता.

जरूर जा. माझं काम जुन्या गिरण्या, कारखाने आणि कामगार वस्त्या यांच्या जतनाचं. या गावात मी तीनदा गेलो आहे, पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून, तेव्हा तिथलं दुरुस्तीचं काम सुरूसुद्धा झालं नव्हतं. तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, ‘वारसा काय’ आणि ‘सोयी काय’. गंमत अशी की या गावात हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. इथला वारसा म्हणजेच सोयी: नळ, धुणीघर, शाळा, किराणा दुकान, पाळणाघर, पोहण्याचा तलाव. आणि त्या एका शेगडीवाल्याने बांधल्या.

ज्याँ-बाप्तिस्त आंद्रे गोदँ हे त्याचं नाव. जन्म 1817 चा, ग्वीझजवळच्या एस्केएरी नावाच्या खेड्यातला. वडील कुलपं-कड्या घडवणारे कारागीर. पोरानेही तोच धंदा शिकला आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे गावोगाव हिंडून काम करत फ्रान्सभर फिरला. परत आला तो एक कल्पना घेऊन. त्या काळी घर गरम ठेवायच्या शेगड्या पत्र्याच्या असत. पत्रा पटकन तापतो आणि तितक्याच पटकन गार होतो. गोदँने शेगडी बिडाची ओतली. आपल्याकडे ज्याच्या घरी बिडाचा तवा आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही: तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गॅस बंद केल्यावरही शेवटची भाकरी त्यावर भाजून निघते. 1840 मध्ये त्याने पेटंट घेतलं, 1846 मध्ये कारखाना ग्वीझला हलवला आणि पुढच्या काही वर्षांत हा माणूस श्रीमंत झाला. बिडावर रंगीत इनॅमलचा मुलामा देण्यातही त्याने पुष्कळ डोकं लावलं. संग्रहालयात त्या हिरव्या, तपकिरी, निळसर शेगड्या ओळीने मांडल्यात. त्या घाईत ओलांडू नका. गावाचा सगळा पैसा त्यांतूनच आला.

इथवरची गोष्ट कुठल्याही यशस्वी कारखानदाराची झाली असती. पण तरुणपणीच गोदँच्या हाती शार्ल फूरिए या विचारवंताचे विचार लागले. फूरिएचं म्हणणं असं, की माणसांनी सुट्या घरांत नव्हे, तर सगळ्या सोयी असलेल्या एका मोठ्या सामायिक वास्तूत एकत्र राहावं आणि एकत्र काम करावं. या कल्पनेवर अमेरिकेत वसाहत करायचं ठरलं. फूरिएचा शिष्य व्हिक्तोर काँसिदेराँ पुढे झाला आणि 1855 मध्ये टेक्सासात, आजच्या डॅलसजवळ, ‘ला रेयुनियों’ नावाची वसाहत उभी राहिली. गोदँने तीत आपल्या संपत्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा घातला. वसाहत काही वर्षांतच मोडली, पैसे बुडाले. दुसरा कोणी असता तर ‘गड्या, आपला धंदा बरा’ म्हणून गप्प बसला असता. गोदँने ठरवलं, दुसऱ्याच्या हातून आणि समुद्रापार नको, हे मी माझ्याच गावात, माझ्याच कारखान्यासमोर करीन.

तेच ‘फामिलिस्तेर’. ग्वीझला वाझ नदी मोठं वळण घेते, त्या वळणाच्या कुशीत ही वसाहत आहे. डावा भाग 1859 ते 1860 मध्ये बांधला, मधला 1862 ते 1864 मध्ये, आणि उजवा थेट 1877 ते 1879 मध्ये. मध्ये इतकी वर्षं का गेली, तर पहिल्या पत्नीपासून वेगळं होण्याचा मालमत्तेचा दावा कोर्टात लोंबकळत पडला होता. आदर्श वसाहतसुद्धा वाटणीच्या दाव्यापुढे थांबते. हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही फ्रान्स परका वाटणार नाही.

तिन्ही भाग विटांचे, चार मजली, आणि समोरून पाहिलं तर ठेवण व्हर्सायच्या राजवाड्यासारखी. हे मुद्दाम केलेलं. गोदँ त्याला ‘सामाजिक राजवाडा’च म्हणे. प्रत्येक भागाच्या मधोमध मोठा चौक, चौकावर काचेचं छप्पर, आणि चारही बाजूंनी प्रत्येक मजल्याला गॅलरी. गॅलरीत घरांची दारं उघडतात. मुंबईकर आत शिरला की त्याच्या तोंडून पहिला शब्द ‘चाळ!’ असाच निघतो, माझ्याही निघाला होता. आणि फक्त दिसण्यापुरतं नाही, घरात नळ नव्हता, मजल्यावर सामायिक होता. संडासही सामायिक. गॅलरीत उभं राहून खाली काय चाललंय ते बघायचं, हेही तेच. पण साम्य तिथेच संपवा, कारण खरा फरक बांधणाऱ्याच्या डोक्यात होता.

चौकात उभे राहिलात की खिडक्यांकडे नीट बघा. खालच्या मजल्यावरच्या खिडक्या उंच आहेत, वर जावं तसतशा बुटक्या होत जातात. काचेच्या छपरातून येणारा उजेड तळाशी पोचेपर्यंत मंदावतो, म्हणून खालच्या माणसाला मोठी खिडकी. तळमजल्यावर राहणाऱ्याला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला उजेडाचा वाटा शक्य तितका सारखा मिळावा, हा हिशेब त्यामागे आहे. घराची एक बाजू चौकाकडे आणि दुसरी बाहेर, म्हणजे वारा आरपार. चौकाच्या जमिनीखालून हवेचे बोगदे काढलेत. जमिनीतल्या जाळ्यांतून थंड हवा वर येते आणि गरम झालेली छपराकडून बाहेर जाते. कचरा टाकायला प्रत्येक मजल्यावर झडप होती, ती थेट खाली उतरे. हे सगळं 1860 च्या दशकातलं आहे, जेव्हा औद्योगिक शहरांतली बहुतेक कामगार कुटुंबं एका कोंदट खोलीत राहत. माझ्या धंद्यातले लोक या इमारतीकडे विचारसरणीसाठी नाही, या जाळ्यांसाठी येतात.

तरीही माझा सल्ला असा: चौकापासून सुरुवात करू नका. सगळे मार्गदर्शक आधी तिथेच नेतात, फोटो चांगले येतात म्हणून. तुम्ही आधी नदीकडे जा, धुणीघर आणि तलावाच्या इमारतीकडे.

ती 1870 ची. नदी ओलांडून, कारखान्याच्या अंगाला. राहत्या घरांपासून दूर का? तर ओले कपडे घरात वाळत घातले की भिंतींना ओल धरते आणि माणसं आजारी पडतात, हे गोदँने ओळखलं होतं. म्हणून धुणं घरातून बाहेर काढलं. आणि कारखान्याच्या अंगाला का, तर गरम पाणी तिथलं. यंत्रांतून तापून निघालेलं पाणी वाया जाण्याऐवजी इकडे वळवलं. त्याच पाण्यावर धुणं, त्याच पाण्यावर तलाव. तलाव काही मोठा नाही, पण त्याचा तळ लाकडी आणि वर-खाली करता येणारा. लहान मुलं आली की तळ वर उचलायचा, मोठी आली की खाली सोडायचा. दीडशे वर्षांपूर्वी, कामगारांच्या पोरांसाठी! मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वहीत काही लिहिलंच नाही, नुसता उभा राहिलो.

गोदँचा एक आवडता शब्दप्रयोग होता, त्याचं मराठी ‘संपत्तीच्या तोडीच्या सोयी’ असं करता येईल. प्रत्येक कामगाराला बंगला देणं शक्य नाही. पण बंगल्यात राहणाऱ्याला जे मिळतं, म्हणजे स्वच्छ हवा, उजेड, पाणी, बाग, मुलांना शिक्षण, आजारपणात आधार, संध्याकाळी नाटक, ते सगळ्यांनी मिळून वापरलं तर प्रत्येकाला मिळू शकतं. हा विचार मनात ठेवून पुढे चाला, म्हणजे एकेक इमारत आपोआप उलगडते. ‘एकोनोमा’ म्हणजे किराणा, कापड, रोजच्या वस्तूंची दुकानं. मधल्या व्यापाऱ्याचा नफा काढून टाकायची ती युक्ती. 1866 चं पाळणाघर मधल्या इमारतीच्या मागे होतं, ते आता उरलेलं नाही. शाळा आणि त्यांच्या मधोमध नाट्यगृह 1869 च्या सुमारास बांधलं, अगदी राजवाड्यासमोर. राजवाड्यासमोर जिथे देऊळ किंवा चर्च असायचं, तिथे या माणसाने शाळा आणि रंगमंच ठेवला. शाळेत मुलं-मुली एकत्र, शिक्षण मोफत आणि सक्तीचं. फ्रान्स सरकारने मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे कायदे केले ते 1881-82 मध्ये. नाट्यगृहात आजही प्रयोग होतात. तुमच्या तारखेला काही असेल तर भाषा कळो न कळो, तिकीट काढा. लाल-सोनेरी, छोटंसं, कुठल्याही तालुक्याच्या गावाला हेवा वाटावा असं आहे.

शाळा-पाळणाघराच्या कामात मारी मोरे हिचा मोठा वाटा होता. ती गोदँची सहकारी, पुढे 1886 मध्ये पत्नी. त्याच्या मागे तिने त्याची कागदपत्रं जपली आणि छापली. ती नसती तर आज या वसाहतीबद्दल आपल्याला इतकं बारीक काही कळलं नसतं. पुतळा मात्र चौकासमोर एकट्या गोदँचा.

1880 मध्ये गोदँने कारखाना आणि वसाहत दोन्ही कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हवाली करायला सुरुवात केली. नफ्यातला वाटा रोख न देता शेअरच्या रूपात द्यायचा, म्हणजे हळूहळू कामगारच मालक होतात. आजारपणाचा निधी होता, म्हातारपणाची पेन्शन होती. 1888 मध्ये गोदँ वारला. त्याची समाधी वसाहतीच्याच बागेत आहे. संस्था मात्र त्याच्यानंतर ऐंशी वर्षं, 1968 पर्यंत चालली. अशा प्रयोगांचं सरासरी आयुष्य बघितलं तर हे प्रचंड आहे.

आता कडू बाजूही सांगतो, नाहीतर मार्गदर्शक पुस्तिकेत आणि माझ्या उत्तरात फरक काय? संस्थेत सगळे सारखे नव्हते. सभासदांच्या पायऱ्या होत्या: वर ‘आसोसिए’, मग दोन मधल्या, आणि तळाला ‘ऑक्सिलिएर’ म्हणजे मदतनीस. मतदानाचा पूर्ण हक्क वरच्यांना, राजवाड्यात राहायचा मान बहुतेक वरच्यांना. पुढे पुढे घर आणि नोकरी दोन्ही बापाकडून पोराकडे जाऊ लागली आणि कारखान्यात काम करूनही बाहेर राहणारा माणूस बाहेरच राहिला. कार्ल मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने तर शेवटी हेही शोषणाचंच ठिकाण झालं असा शेरा मारला. आणि गॅलरीचं म्हणाल, तर जिथे शेजारी मदतीला धावतो तिथेच शेजारी तुम्ही किती वाजता घरी आलात हेही बघतो. चाळीत वाढलेल्याला हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं हे ठाऊक असतं.

1968 मध्ये संस्था विसर्जित झाली. कारखाना खाजगी कंपनीकडे गेला, आणि घरं एकेक करून राहणाऱ्यांना विकली. माझ्या मते या गावाच्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग हाच, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. जी वास्तू मुळातच सामायिक म्हणून आखलेली, तिचे तुकडे करून मालकी दिली. खोली माझी, पण काचेचं छप्पर कोणाचं? हवेचे बोगदे कोणाचे? गॅलरीचा कठडा मोडला तर पैसे कोणी काढायचे? आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेला माणूस पुढचं स्वतःच सांगेल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौकात रंगाचे पोपडे पडलेले, काही काचांच्या जागी प्लॅस्टिक, कोपऱ्यात गंजलेल्या सायकली. 1991 मध्ये सरकारने वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, पण दर्जा म्हणजे दुरुस्ती नव्हे. खरी हालचाल 2000 मध्ये ‘युटोपिया’ नावाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर झाली: जिल्हा आणि नगरपालिका यांनी मिळून एक संस्था काढली, टप्प्याटप्प्याने सामायिक भाग आणि इमारती दुरुस्त केल्या आणि संग्रहालय उभं केलं. यात एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाने केली. सगळी माणसं बाहेर काढून इमारतीची बाहुली केली नाही. आजही काही घरांत लोक राहतात. म्हणून गॅलरीत फिरताना दारांचे फोटो काढू नका आणि ‘आवाज घुमतो का बघू’ म्हणून ओरडू नका. मी दोन्ही होताना पाहिलंय.

डावा भाग बाकीच्यांपेक्षा थोडा वेगळा, नवा दिसेल. तो पहिल्या महायुद्धात जळाला आणि नंतर परत बांधला. ऑगस्ट 1914 च्या अखेरीस या गावाभोवती मोठी लढाई झाली. फ्रेंचांच्या पाचव्या सैन्याने माघार घेता घेता इथे उलटून मार दिला आणि जर्मनांची पुढची चाल थोडी रखडली.

राजवाडा सोडून गावात बघायचं ते म्हणजे टेकडीवरचा किल्ला. ग्वीझ हे नाव फ्रेंच इतिहास वाचलेल्यांना कारखान्यामुळे नाही, सरदार घराण्यामुळे माहीत असतं. 1528 मध्ये इथली जहागीर ड्यूकची झाली, 1558 मध्ये याच घराण्यातल्या फ्राँस्वाने इंग्रजांकडून काले हे बंदर जिंकून घेतलं, आणि त्याच्या मुलाला, आँरीला, 1588 मध्ये राजाने ब्लुआच्या राजवाड्यात मारेकऱ्यांकरवी संपवलं. महायुद्धात किल्ला उद्ध्वस्त झाला, नंतर तिथे लोक कचरा टाकत. 1952 पासून स्वयंसेवकांची एक संस्था, बरीचशी तरुण मुलंमुली, सुट्टीत येऊन दगड दगड मोकळा करतेय. काम अजून चालू आहे. आपल्या गडसंवर्धनाच्या मोहिमांना जाणाऱ्यांना हे दृश्य अगदी घरचं वाटेल: फावडी, पाण्याच्या बाटल्या, आणि दुपारनंतर चेहऱ्यांवर धूळ. फ्रेंच क्रांतीतला पत्रकार-वक्ता कामिय देमुलँ हाही याच गावचा, जन्म 1760. त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही.

आता सोयींचं. लीलहून रेल्वेने सँ-काँतँला या, तिथून ग्वीझ साधारण 28 किलोमीटर, बस किंवा गाडी. ग्वीझला प्रवासी रेल्वे येत नाही. जुना रेल्वेमार्ग मात्र वाया गेला नाही, त्याचा सायकलींचा आणि पायी चालायचा रस्ता केलाय, तो ग्वीझपासून इर्सोंच्या दिशेने तिएराशच्या हिरव्या, गाई-म्हशींच्या नव्हे, निव्वळ गाईंच्या मुलखातून जातो. मुलगी बरोबर असेल तर तिला सायकल घेऊन तासभर तिकडे पिटाळा आणि तुम्ही दोघं फामिलिस्तेरच्या बागेत नदीकाठी बसा. हा सगळा भाग सखल नाही, मऊ टेकड्यांचा आहे, आणि वाटेतल्या खेड्यांत बुरूज असलेली विटांची चर्चं दिसतील. सीमेवरच्या लढायांत गावकरी त्यांत आसरा घेत.

खायचं म्हणाल तर इथलं मारवाल नावाचं चीज. वास जबरदस्त, सुक्या बोंबलाला हसून नाकं मुरडणाऱ्यांनाही इथे नाक धरावं लागेल. चव त्या मानाने सौम्य. शाकाहारी असाल तर मारवालची किंवा लीकची (पातीच्या कांद्यासारखी भाजी) ‘फ्लामिश’ नावाची भट्टीत भाजलेली खारी पाय मागा, पण आत खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना हे आवर्जून विचारा. छोट्या गावात दुपारच्या जेवणाची वेळ उलटली की स्वयंपाकघर बंद होतं, दोनच्या आत जेवून घ्या. संग्रहालयाचे वार आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या निघायच्या आदल्या दिवशी बघा. 1 मेला जाणं जमलं तर फारच उत्तम. गोदँने 1867 पासून कामगारांचा उत्सव सुरू केला, म्हणजे जगभर 1 मे पाळायला लागायच्या कितीतरी आधी, आणि आता तो त्याच दिवशी होतो. गर्दी असते, पण चौकात माणसं भरलेली बघायची संधी त्याच दिवशी.

बाबांसाठी एक खास. गोदँच्या नावाच्या शेगड्या आजही याच गावात बनतात. संग्रहालयाच्या जवळच कारखान्याची हद्द लागते. आत सहसा सोडत नाहीत, पण धुणीघराकडून परत येताना भिंतीकडे थोडं थांबा. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला त्या भिंतीपलीकडचा आवाज कशाचा हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि परतीची बस किती वाजता ते सकाळी उतरल्या उतरल्या थांब्यावरच वाचून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. संध्याकाळी थांब्यावर विचारायला सहसा कोणी नसतं.